बुडापासून हिरवं

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की पुण्याच्या सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकांसमोर गाड्यांची रांग लागते. आंबा, नारळ, चाफा यांची रोपं माणसं निरखून, घासाघीस करून एक-एक घेतात. एक माल मात्र शेकड्यांत उचलला जातो आणि तोही फारसा न बघता: कुंपणाची रोपं. कोयनेल, दुरंता, मेंदी, कामिनी. गिऱ्हाइकाची मागणी एवढीच असते की उंच द्या. तीन फुटांचं रोप लावलं म्हणजे तीन फुटांचं कुंपण आजच उभं राहिलं, असा हिशेब.

रोपं ओळीने लागतात, पाणी मिळतं, दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी दिसते. मग जाणता माळी येतो आणि ती सगळी गुडघ्याच्याही खाली छाटून टाकतो.

"अहो काका, हे काय केलंत? पैसे मोजून उंच आणली होती!"

"मॅडम, आत्ता नाही कापली तर जन्मभर खालून कुत्री-मांजरं ये-जा करतील."

कुठल्या ना कुठल्या बंगल्याच्या आवारात हा संवाद दर पावसाळ्यात होतो आणि त्यात बाजू माळीकाकांचीच खरी असते. उंची काय, कधीही मिळते. दोन वर्षं कात्री लावली नाही तर नकोशी वाटण्याइतकी मिळते. जमिनीलगतची दाटी मात्र पहिल्या दोन पावसाळ्यांत साधली तर साधली. नंतर ती मिळवायची तर सगळं कुंपण पुन्हा बुंध्यापर्यंत उतरवावं लागतं. कोवळ्या कुंपणाची सगळी छाटणी या एका गोष्टीसाठी असते.

कुंपणाचं रोप आपण होऊन दाट का होत नाही, हे तुरीच्या शेतकऱ्याला विचारावं. तूर साधारण दीड महिन्याची झाली की विदर्भ-मराठवाड्यात शेंडे खुडायला माणसं शिवारात उतरतात. शेंडा खुडला की झाड उंच जायचं थांबतं, बाजूच्या फांद्या फुटतात आणि शेंगांना जागा वाढते. शेवंतीवाले हेच करतात. द्राक्षबागायतदार तर शेंडा कुठल्या पानावर मारायचा यावर तासभर बोलू शकतात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, म्हणजे न फुटलेली फांदीच. शेंडा जागेवर असेपर्यंत यातले बहुतेक डोळे झोपलेले राहतात.

त्यांना झोपवतं कोण, याचा उलगडा व्हायला बराच काळ लागला. 1920 च्या दशकात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने ओटच्या कोंबाच्या टोकातून एक रस वेगळा मिळवता येतो आणि तो वाढीला दिशा देतो, हे दाखवलं. त्या द्रव्याला पुढे ऑक्झिन हे नाव मिळालं. 1930 च्या दशकात केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी घेवड्याच्या जातीच्या एका झाडाचा शेंडा उडवला आणि उरलेल्या थोटकावर ऑक्झिन लावून ठेवलं. शेंडा नसूनही बाजूचे डोळे फुटले नाहीत. म्हणजे शेंड्यातून खाली येणारं हे द्रव्यच त्यांना दाबून ठेवत होतं. गोष्ट इथे संपली असती तर सोपी झाली असती. 2008 मध्ये फांद्या रोखणारं आणखी एक संप्रेरक पुढे आलं, स्ट्रायगोलॅक्टोन. 2014 मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांतून असं दिसलं की शेंडा कापल्यावर ऑक्झिन ओसरण्याआधीच खालचे डोळे हलू लागतात, कारण शेंड्याकडे ओढली जाणारी साखर आता त्यांच्या वाट्याला येते. माळ्याच्या दृष्टीने तात्पर्य बदलत नाही. शेंडा हा झाडाचा सर्वांत हावरा भाग असतो. तो गेला की अन्न खालच्यांना मिळतं.

तीन फुटांचं उंच रोप नुसतं लावून ठेवलं तर काय होतं, हे आता सांगायची गरज नाही. त्याचा शेंडा तीन फुटांवरून पुढे धावतो. कधीतरी चार फुटांवर त्याला कापलं जातं, तेव्हा कापाच्या खालचे पहिले काही डोळे फुटतात आणि चार फुटांवर गच्च हिरवी छत्री तयार होते. त्या छत्रीच्या सावलीत खालची पानं उपाशी पडतात. एखादं पान जितकं अन्न तयार करतं त्याहून जास्त खाऊ लागलं की झाड त्याला सांभाळत नाही, गाळून टाकतं. मग कुंपण धोतर गुडघ्यापर्यंत खोचून चिखलातून निघालेल्या माणसासारखं दिसू लागतं. शहरातल्या निम्म्या कुंपणांची ही तऱ्हा आहे. दोष रोपाला, खताला किंवा पाण्याला दिला जातो.

महाराष्ट्रात कुंपण म्हटलं की अजूनही पहिलं नाव कोयनेलचं निघतं. रेल्वेच्या वसाहती, सरकारी विश्रामगृहं, शाळांची पटांगणं, जुन्या सोसायट्या, सगळीकडे हे झाड आहे. मूळचं ते समुद्रकाठचं. कोकणात खाडीच्या कडेने, खारफुटीच्या मागच्या रांगेत ते रानटी वाढतं आणि तिथे त्याला वनजाई म्हणतात. खारं पाणी, वारा, रेताड जमीन हे सगळं सोसणाऱ्या झाडाला देशावरच्या अंगणातला दुष्काळ काय जड जाणार? पानं कडू असल्याने गुरं-शेळ्या त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्याला सुरेख पांढरी फुलं येतात, आतून जांभळट लांब केसर बाहेर डोकावतात. पण कोयनेल रोज पाहणाऱ्या पुष्कळ लोकांनी ते फूल आयुष्यात पाहिलेलं नसतं, कारण कळी धरण्याआधीच कात्री फिरते.

कोयनेलला विकतचं रोप लागतच नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या जूनमध्ये निम्म्या मातीत खोचल्या की बहुतेक जगतात. चर एक-दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल खणून त्यात शेणखत मिसळलेली माती भरावी. काड्या दोन ओळींत, ओळीत फुटाफुटावर आणि झिगझॅग लावाव्यात, म्हणजे पुढच्या ओळीतल्या फटीसमोर मागच्या ओळीतलं झाड येतं. एका ओळीत गर्दी करून लावलेलं कुंपण वर्षभर दाट वाटतं आणि मग त्यातली दुबळी झाडं मरू लागतात.

पहिली कापणी केव्हा, याला तारीख नाही, खूण आहे. लावलेल्या रोपाला नवी पानं येऊन ती पूर्ण उघडली आणि रोप हलकेच ओढलं तर हलत नाही, म्हणजे मुळं धरली. पावसाळ्यात याला तीन-चार आठवडे लागतात. मग जमिनीपासून वीतभर, फार तर आठ-नऊ इंच ठेवून वरचं सगळं काढायचं. इथे मोठी कात्री वापरू नये. तिच्या लांब पात्यांत कोवळं खोड चेचतं आणि चेचलेला भाग कुजतो. द्राक्षवाल्यांचं सिकेटर उत्तम, धार लावलेलं आणि स्पिरिटने पुसलेलं.

काप कसा घ्यावा हे झाडाच्या पानांकडे पाहून ठरतं. कोयनेल, मेंदी, दुरंता यांची पानं सहसा जोडीने, समोरासमोर येतात, म्हणून डोळेही जोडीचे. अशा झाडाला जोडीच्या थोडं वर, पाव इंचावर, आडवा सरळ काप द्यावा. तिरका दिला तर दोघांपैकी एका डोळ्याच्या फारच जवळ जातो आणि तो वाळतो. पुस्तकांत सरसकट सांगितलेला तिरका काप गुलाबासारख्या, एकाआड एक डोळ्यांच्या झाडांसाठी आहे. कापल्यानंतर चार-पाच दिवसांनी खाली बसून पाहिलं तर पानाच्या देठाशी तांदळाच्या कणीएवढा हिरवा फुगार दिसतो. पाऊस-ऊन बरं असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात त्याची दोन टोकं उघडतात, समोरासमोर, आणि एका खोडाच्या दोन फांद्या झालेल्या असतात. खालची जोडीही जागी झाली तर चार.

या फांद्या वीतभर वाढल्या की त्यांनाही निम्म्यावर कापायचं. नव्या मालकाचा धीर सुटतो तो इथेच. पहिली छाटणी त्याने कशीबशी मान्य केलेली असते, आता कुठे हिरवं दिसायला लागलं तर पुन्हा कात्री! पण दुसरी कापणी पहिलीहून महत्त्वाची आहे. एका खोडाला नुसत्या दोन फांद्या धरल्या तरी दुसऱ्या कापणीनंतर चार होतात आणि तिसरीनंतर आठ. प्रत्यक्षात काही दाटीत मागे पडतात, काही जास्त फुटतात. महत्त्वाचं हे की ही सगळी गर्दी जमिनीपासून फुटाच्या आत होते. दर कापणीला उंची तीन-चार बोटांहून जास्त वाढू द्यायची नाही. या बेताने गेलं तर जुलैत वीतभर असलेलं कुंपण दसऱ्याला जेमतेम दीड फुटाचं होतं. शेजारच्या आवारात न छाटलेलं कुंपण तोवर चार फूट गेलेलं असतं आणि त्याचा मालक कौतुकाने ते दाखवत असतो. दाखवू द्यावं.

दुसऱ्या पावसाळ्यात कुंपण अडीच-तीन फुटांवर न्यायचं आणि तिसऱ्यात हव्या त्या उंचीवर. चार फुटांपुढचं कुंपण राखायला शिडी लागते, हे उंची ठरवतानाच लक्षात घेतलेलं बरं.

उंचीइतकाच बाजूंचा आकार महत्त्वाचा, आणि तोही कोवळेपणीच ठरतो. कुंपणाचा छेद घेतला तर तो खाली रुंद, वर अरुंद असला पाहिजे. चार फुटांच्या कुंपणाला बुडाशी दोन-सव्वादोन फूट आणि माथ्यावर दीड फूट रुंदी पुरते. कारण तेच, उजेड. बाजू जरा आत झुकलेल्या असतील तर सूर्य अगदी खालच्या पानापर्यंत पोहोचतो. भिंतीसारखं सरळ उभं कापलेलं कुंपण नवं असताना रुबाबदार दिसतं, पण वरची वाढ नेहमी जोमाची असल्याने दोन कापण्यांच्या मध्ये माथा बाहेर झुकतो आणि बूड अंधारात जातं. कंत्राटावर कापणाऱ्या लोकांच्या हातून तर उलटाच आकार होतो. माणूस उभा राहून कात्री चालवतो तेव्हा हात छातीच्या उंचीला जास्त आत जात नाही आणि पायाशी मात्र पाती खोल घुसतात. दोन वर्षांत बूड बारीक, डोकं मोठं. वाकायचा कंटाळा एवढंच यामागचं कारण आहे.

म्हणून चांगले माळी डोळ्यावर भिस्त ठेवत नाहीत. दोन टोकांना खुंट्या, त्यांच्यात ताणलेली सुतळी, लांब ओळ असेल तर मध्ये आणखी एक खुंटी, नाहीतर सुतळीला झोळ पडतो आणि कुंपणालाही तोच झोळ येतो. उतारावर गवंड्याची पाणसळ लावून टप्पे पाडले तर नजरेला बरं दिसतं. बाजूंच्या कलासाठी दोन पट्ट्या ठोकून केलेली लाकडी चौकट पुरते. ती कुंपणाला टेकवत पुढे सरकायचं आणि बाहेर राहील ते कापायचं. कापताना खालून वर जावं. वरून खाली आलं की कापलेल्या काटक्या खालच्या भागावर पडतात आणि काय कापायचं राहिलं तेच दिसत नाही.

मलबार हिलवरच्या फिरोजशहा मेहता उद्यानात, म्हणजे मुंबईकरांच्या हँगिंग गार्डनमध्ये, झुडपांचे हत्ती, उंट, बैल पाहायला कित्येक पिढ्यांतली मुलं गेली आहेत. ही बाग शहराला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या माथ्यावर वसवलेली आहे. तिथले प्राणी कुणी मोठ्या झुडपातून कोरून काढले असतील असं वाटतं, पण अशा आकृती कोरल्या जात नाहीत, भरल्या जातात. तारेचा सांगाडा उभा करायचा, पायाशी कोवळी रोपं लावायची आणि शेंडे खुडत-खुडत त्यांना सांगाड्याच्या आतून वर चढवायचं. तारेबाहेर येईल ते कापायचं. घाई करून झाड वर नेलं तर हत्तीचे पाय पोकळ राहतात.

आता वेळेचं. महाराष्ट्राला एकच छाटणीचं वेळापत्रक देणं म्हणजे वेंगुर्ला आणि चंद्रपूर एका मापाने मोजणं. कोकणात जुलैची झड लागली की कात्री ठेवून द्यावी. सतत ओल्या राहणाऱ्या ताज्या कापांवर बुरशी बसते. उघडीप मिळाली, श्रावणातलं ऊन-पाऊस सुरू झालं की तिथे दर तीन आठवड्यांनी कापलं तरी झाड दमत नाही. देशावर जून ते ऑक्टोबर हा मुख्य काळ, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. थंडीत वाढ मंदावते. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत कुंपण जवळजवळ थांबलेलंच असतं, तेव्हा नुसती बाहेर आलेली टोकं उडवणं पुरे.

उन्हाळा हा खरा परीक्षेचा काळ. होळीनंतर मोठी छाटणी करू नये, विदर्भात तर मुळीच नको. कुंपणाच्या आतली पानं सावलीत घडलेली असतात. ती पातळ असतात, कमी उजेडावर गुजराण करायला बनलेली. वरचा थर काढून त्यांना एकदम एप्रिल-मेच्या उन्हात उघडं केलं की ती एक-दोन दिवसांत करपतात. नवतपात 45 अंशांच्या उन्हात असं कापलेलं कुंपण नागपूरच्या रस्त्यावर पाहिलं तर विस्तव लागून गेल्यासारखं वाटतं. शिवाय छाटलं की झाड नवी पालवी काढतं आणि पालवीला पाणी लागतं, जे नेमकं तेव्हा नसतं. उन्हाळ्यात कापावंच लागलं तर ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ बघावी, फक्त वरवर कापावं आणि आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावं.

सगळी झाडं कोयनेलसारखी सोशिक नसतात. कामिनी, जिला कुंती असंही म्हणतात, तिची वाढ संथ. तिला एकदम वीतभर उतरवलं तर ती रुसते. दर वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नये आणि वर्षभराचं काम दोन वर्षांवर न्यावं. तिची सुगंधी फुलं नव्या फुटीच्या टोकांना येतात, म्हणून सारखी कात्री चालवणाऱ्याला दाट कुंपण मिळतं आणि वास शेजारच्या अंगणातून घ्यावा लागतो. तिच्याबद्दल आणखी एक सावधगिरी, विशेषतः नागपूर-अमरावतीकडच्या संत्रा बागायतदारांसाठी. कामिनी ही संत्र्या-मोसंबीच्याच कुळातली. सिट्रस सायला नावाची बारीक कीड, जी ग्रीनिंग हा असाध्य रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, तिला कामिनी फार आवडते. ही कीड अंडी घालते ती फक्त अगदी कोवळ्या पालवीवर, आणि छाटलेलं कुंपण म्हणजे वर्षभर कोवळी पालवी. बागेच्या बांधाला कामिनी लावणं म्हणजे कुंपणाने शेत खाणं शब्दशः खरं करून दाखवणं.

दुरंताचं पिवळं रूप अलीकडे फार चालतं. त्याचा सोनेरी रंग नव्या पानांचा असतो. जुनी पानं आणि सावलीतली पानं हिरवी पडतात. त्यामुळे इथे वारंवार हलकी कापणी केली तरच पैसे वसूल होतात. मध्येच एखादी फांदी गडद हिरवी आणि दांडगी निघाली तर ती मुळाशी काढावी, नाहीतर दोन वर्षांत तिचंच राज्य होतं. न छाटलेल्या दुरंताला नारिंगी फळांचे सुंदर घोस लागतात. ती फळं विषारी आहेत, घरात लहान मुलं असतील तर फुलं येऊन गेली की घोस धरू देऊ नयेत. मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या तर दर एक-दोन वर्षांनी वाचायला मिळतात. गावाकडे कुंपणाला हे झाड सर्रास असतं. जनावर तोंड लावत नाही म्हणून लावलेलं.

मेंदी जुनी झाली की काटेरी होते, तोही एक फायदाच. गावरान कुंपणासाठी विलायती चिंच, करवंद, सागरगोटा आहेत, आणि त्यांना हातमोज्यांशिवाय हात लावू नये. घाणेरी मात्र कुणी फुलांच्या मोहाने कुंपणाला लावली तर त्याला थांबवावं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेलं हे झाड आता सह्याद्रीतल्या रानारानांत घुसलं आहे.

कोवळं कुंपण जोपासण्याचा या देशातला सर्वांत अवाढव्य प्रयोग मात्र कुठल्याही बागेत झाला नाही. तो झाला मिठासाठी. इंग्रज अंमलात मिठावरचा कर चुकवून होणारी वाहतूक रोखायला सिंधूपासून महानदीपर्यंत एक जकात-रेषा आखली होती. ती बऱ्हाणपूरवरून जात असे. सुरुवातीला तिथे तोडलेल्या काटेरी फांद्या रचून सुकं कुंपण घालत, कोकणात दरवर्षी वई घालतात तसं. पण सुकं कुंपण वाळवी खाते, वारा पाडतो, आग लागते, आणि दरवर्षी गाड्या भरभरून नवे काटे आणावे लागतात. 1867 ते 1870 या काळात जकात खात्याचे आयुक्त असलेल्या अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ठरवलं की कुंपण जिवंतच पाहिजे. जिथे जमीन खडकाळ, तिथे बाहेरून माती आणली, चर खणले, पाण्याची सोय पाहिली, आणि जमिनीच्या मगदुराप्रमाणे बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, शेर यांची निवड केली. जिथे जमलं तिथे दहा-बारा फूट उंच, माणूस सोडाच पण मांजरही पार होणार नाही असं कुंपण उभं राहिलं. तरीही शेकडो मैलांच्या पट्ट्यांत ते कधीच नीट धरलं नाही. 1 एप्रिल 1879 ला ही रेषाच रद्द झाली आणि कुंपणाला वाली उरला नाही. ह्यूम पुढे 1885 मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचे एक प्रमुख सूत्रधार झाले. हे विसरलेलं कुंपण पुन्हा चर्चेत आलं ते रॉय मॉक्सहॅम यांच्या 2001 च्या पुस्तकामुळे. त्या कराबद्दल ऐकलं की आजही चीड येते. बागकामापुरतं बोलायचं तर सुक्या आणि जिवंत कुंपणाचा फरक इतक्या मोठ्या मापात क्वचितच कुणी तपासला असेल.

पुन्हा अंगणात येऊ. कात्री चालवण्याआधी कुंपणाला प्रदक्षिणा घालून आत डोकवावं. बुलबुल कमरेएवढ्या झुडपात बिनधास्त वाटीसारखं घरटं करतो. शिंपी पक्षी तर पानंच एकमेकांना शिवून घेतो आणि त्याची वीण ऐन पावसाळ्यात, म्हणजे नेमकी छाटणीच्या मोसमात असते. घरटं दिसलं तर तेवढा हातभर भाग सोडून द्यावा. पिल्लं उडाली की मग बघता येतं. महिनाभरात कुंपण काही हाताबाहेर जात नाही.

दुसरी पाहायची गोष्ट अमरवेल. कुंपणावर कुणी पिवळा दोरा टाकल्यासारखी ती दिसते, मूळ नाही, पानं नाहीत, सगळं पोट यजमान झाडावर. शहरातल्या कोयनेल आणि दुरंतावर ती हमखास सापडते. घाईने कात्री चालवली तर तिचे तुकडे होतात आणि ओल्या पानांवर पडलेला प्रत्येक तुकडा पुन्हा पकड घेऊ शकतो. कापण्याआधी ती हातांनी, तिला धरलेल्या फांद्यांसकट काढून पिशवीत भरावी आणि जाळावी, फुलं-बी धरण्याआधीच. जास्वंदीच्या कुंपणात पिठ्या ढेकणाने पांढरे पडलेले शेंडे असतील तर त्यांचीही विल्हेवाट अशीच. कापलेला निरोगी पाला मात्र कंपोस्टला चांगला. तो कुंपणाच्या आत साचू देऊ नये. दर मोठ्या कापणीनंतर बुडाशी घमेलंभर शेणखत द्यावं. झाडाची पानं आपणच सारखी काढून नेतो, तेव्हा खाऊ घालायला हवंच. आणि कुंपणाला खायला मिळालं नाही तर ते शेजारच्या फुलांच्या वाफ्यात मुळं घालतं.

ज्यांचं कुंपण आधीच बुडाशी उघडं पडलंय, त्यांचं काय? कोयनेल, मेंदी, दुरंता, जास्वंद ही जुन्या लाकडातूनही फुटणारी झाडं. त्यांना पहिल्या चांगल्या पावसानंतर जमिनीपासून फूटभर ठेवून सरळ करवतीने उतरवता येतं आणि कोवळ्या कुंपणाचा सगळा क्रम पुन्हा सुरू करता येतो. एवढी हिंमत नसेल तर यंदा एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी. मोरपंखीवर हा प्रयोग कदापि करू नये. ती फक्त हिरव्या भागातून फुटते, तपकिरी लाकडापर्यंत कापली की तो भाग कायमचा बोडका राहतो.

एखाद-दोन झाडं मरून पडलेली खिंडारं नवीन रोप खोचून क्वचितच भरतात. दोन्ही बाजूंची मोठी झाडं त्याला ऊनही मिळू देत नाहीत आणि पाणीही. त्यापेक्षा शेजारच्या कोयनेलची एक खालची लांब फांदी खिंडाराकडे वाकवावी, मध्यावर जरा साल खरवडून चार बोटं मातीत दाबावी आणि वर दगड ठेवावा. पावसाळा संपेपर्यंत तिला मुळं सुटतात. पुढच्या जूनमध्ये ती आईपासून तोडायची आणि वीतभर ठेवून तिचाही शेंडा उडवायचा.